भोंग्याची उपमा

भोंग्याला भोंगा हे नाव शाळेत पडलं, आणि तेही मार खाताना. भाषेचे मास्तर अलंकार शिकवायचे. हातात वेताची छडी आणि समोर पोरांची रांग. छडी पोटरीवर बसली की मास्तर विचारणार, कसं वाटलं, कशासारखं? उपमा चांगली निघाली तर जागेवर जाऊन बस, नाहीतर दुसरी छडी. कुणी रडत रडत म्हणायचं, विंचू चावल्यासारखं. मास्तर म्हणायचे, हे शिळं झालं, पाय पुढे कर. हा एकटा पोरगा असा होता की छडी खाली यायच्या आत त्याची उपमा तयार असायची, आणि ती तो असल्या आवाजात ठोकायचा की शेजारच्या वर्गातही हशा पिकायचा. अलंकार शिकवायची ही काय रीत झाली, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. पोरांच्या पोटऱ्या सोलून निघाल्या आणि मास्तर निवृत्त होऊन सुखात मेले. या पोराच्या डोक्यात मात्र एक गोष्ट पक्की बसली. मार कुणालाही बसो, तो कशासारखा बसला हे सांगता आलं की बघणाऱ्यांना मजा येते.

मोठेपणी त्याला नोकरी लागली ती बसस्थानकावर, घोषणा करायची. काचेच्या खोलीत बसायचं, माइकचं बटण दाबायचं आणि सांगायचं, अमुक गाडी तमुक फलाटावर लागत आहे. तिथे अलंकाराला वाव नव्हता. एकदा त्यानं उशिरा आलेल्या गाडीला माहेरी रेंगाळलेली सून म्हटलं तर स्थानकप्रमुखानं अशी हजेरी घेतली की पुन्हा नाव काढलं नाही. पण त्या कोरड्या आवाजात वजन होतं. भोंगा म्हणाला चार नंबर, की शंभर माणसं बोचकी उचलून चार नंबरकडे धावायची. कुणी उलटून विचारायचं नाही.

त्याचा खरा जीव होता शनिवार संध्याकाळच्या बॉक्सिंगमध्ये. जुन्या लाकडाच्या वखारीत रिंग उभारलेली होती. पत्र्याचं छप्पर, दोरांना गुंडाळलेल्या चिंध्या, तेलाचा आणि घामाचा वास. कॅनव्हासवरचे रक्ताचे डाग घासून घासून तपकिरी झालेले. रिंगला लागून एक टेबल, टेबलावर माइक, आणि माइकमागे भोंगा. मोठ्या लढती असल्या की गावच्या रेडिओवरूनही त्याचा आवाज घरोघरी जायचा. माणसं लढत बघायला यायची हे खरं, पण निम्मी त्याला ऐकायला यायची, हेही तितकंच खरं. आणि भोंग्याला हे माहीत होतं. माहीत नसायला तो काय संत होता?

त्याची कामाची एक पद्धत होती. पहिल्या राउंडांत उपमा. हा ठोसा दारावरच्या थापेसारखा, तो पाय शिवणयंत्राच्या सुईसारखा. 'सारखा' आहे तोवर सगळं जमिनीवर असतं, तो म्हणायचा; ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की हे तसं आहे, पण ते नाही. मधल्या राउंडांत तो 'सारखा' काढून टाकायचा, की झालं रूपक. आता माणूस हातोड्यासारखा राहिला नाही, माणूसच हातोडा. लोक बाकांवर उभे राहायचे. आणि शेवटच्या राउंडांना अतिशयोक्ती, मग काही विचारूच नका. मेला, म्हणायचा. संपला, आंधळा झाला, मुंडकं पत्र्याला लागलं, दात वेचायला झाडू आणा! ज्याला मेला म्हटलं तो दहा मिनिटांनी मागच्या दाराशी बसून भजी नाहीतर बिस्किटं खात असायचा. कुणी मनावर घ्यायचं नाही. रेफ्री म्हणजे जुना सार्जंट, तो तर म्हणायचा की गेल्या कित्येक वर्षांत भोंग्याचा एक शब्द माझ्या कानात शिरलेला नाही, शिरला असता तर मी वेडा झालो असतो.

भोंग्याला एक धाकटा भाऊ होता. आईबाप गेल्यावर भोंग्यानंच त्याला वाढवलं, हाताला धरून वखारीत आणलं, पहिले हातमोजे बांधले. त्याच्यापायी स्वतःच्या लग्नाचं राहूनच गेलं. धाकटा दिवसा वेल्डिंग करायचा आणि शनिवारी मारामारी. देखणा पोरगा. रिंगमध्ये गेला की मात्र डोळ्यांत काहीतरी दुसरंच यायचं. समोरच्याची बरगडी मोडल्याचा आवाज आला की हसायचा. भोंग्याला त्या हसण्याचा अभिमान वाटायचा. आता नाही वाटत, पण तेव्हा वाटायचा, खोटं कशाला बोला.

तर या धाकट्याचा डावा डोळा गेला. एकदम नाही गेला. आधी कोपऱ्यात काजळी धरली, मग काजळी पुढे सरकली. तो सगळ्यांना सांगायचा की वेल्डिंगची ठिणगी उडाली. शेवटी बायकोनं ओढत डोळ्याच्या डॉक्टरकडे नेला, भोंगा सोबत होता. डॉक्टर म्हणाले, डाव्याचा पडदा सुटलेला आहे, त्या डोळ्याची नजर आता परत येत नाही. उजव्याचा कडेनं सैल झालाय. डोक्याला एक जोराचा झटका, आणि तोही जाईल. बॉक्सिंग आजपासून बंद.

धाकटा दवाखान्याच्या पायऱ्या उतरला आणि म्हणाला, पट्ट्याची लढत खेळणार, मग बंद. जिंकणाऱ्याला विजेतेपदाचा पट्टा मिळायचा ती ही लढत, तीन आठवड्यांवर होती. त्या पट्ट्यासाठी त्यानं अर्धं आयुष्य तोंड फोडून घेतलं होतं. भोंग्यानं समजावलं, शिव्या दिल्या, एकदा तर कानाखाली वाजवली. धाकट्यानं थोरल्याचा हात धरून असा पिरगळला की भोंगा गुडघ्यावर आला. उस्तादांना सांगितलंस तर तू माझा भाऊ नाहीस, एवढंच तो म्हणाला आणि हात सोडला. उस्ताद म्हणजे त्याला शिकवणारे; त्यांना कळलं असतं तर त्यांनी त्याला रिंगच्या आसपास फिरकू दिलं नसतं.

भोंगा गप्प बसला. का बसला, तर भाऊ तुटेल ही भीती होती, आणि थोडं हेही होतं की ती लढत त्यालाही हवी होती. तीन आठवडे तो तिच्यासाठी उपमा जमवत होता.

लढतीआधी वखारीचा डॉक्टर खेळाडूंचे डोळे तपासायचा, एक डोळा झाकायचा आणि बोटं मोजायची. धाकट्यानं आधी डाव्या हातानं डावा डोळा झाकला, मग उजव्या हातानं पुन्हा डावाच झाकला. दोन्ही वेळा बोटं बरोबर मोजली. डॉक्टरला घरी जायची घाई होती, त्यानं सही ठोकली. भोंगा शेजारी उभा राहून बघत होता.

भावजय वखारीत कधी यायची नाही, तिला ते बघवत नसे. त्या दिवशी निघताना तिनं भोंग्याला दारात अडवलं. आवाज चढवला नाही, रडली नाही.

"दादा, तिथे हे माहीत असलेले तुम्ही एकटेच," ती म्हणाली. "माइक तुमच्या हातात आहे. त्यांना जमत नाहीये असं दिसलं की बोला. लाज धरू नका, भाऊ काय म्हणेल बघू नका. नुसतं बोला."

"दिसलं त्या क्षणाला बोलेन," भोंगा म्हणाला. आणि तो मनापासून म्हणाला. रेफ्रीला कळलं की खेळाडूला दिसत नाही, तर नियमानं लढत तिथल्या तिथे थांबते. काम अवघड नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं, आणि बोलणं तर त्याचं पोट होतं.

समोर होता बर्फवाला. बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलणारा, वयानं लहान, खांदे दाराच्या चौकटीला घासतील एवढे. डावखुरा. हे धाकट्याच्या पथ्यावर पडलं, कारण बर्फवाल्याचा डावा ठोसा यायचा तो धाकट्याच्या उजव्या अंगाला, दिसत्या डोळ्याकडे. पहिल्या राउंडात धाकट्यानं त्याला रडवलं. दुसऱ्यात त्याचं नाक फोडलं. रक्ताची चिळकांडी भोंग्याच्या टेबलावर आली, माइकच्या जाळीवर बसली, आणि भोंगा म्हणाला, घ्या, बर्फ वितळायला लागला! वखार पेटली. धाकट्यानं त्याच फुटक्या नाकावर आणखी दोन घातले. बर्फवाला तोंडानं श्वास घेत होता आणि प्रत्येक श्वासाला छातीवर लाल थुंकी सांडत होती. तिसऱ्यात त्याच्या भुवईची कातडी उघडली, आत पांढरं दिसलं. भोंगा रंगात आला होता. सारखा कधीच गळून पडला होता. भाऊ आता वीज होता, घण होता, काळ होता. भावजयीला दिलेला शब्द कुठेतरी मागे होता, पण भाऊ जिंकत असताना शब्दाची आठवण कुणाला येते?

चौथ्या राउंडात बर्फवाला दमून, भेलकांडत, धाकट्याच्या डाव्या बाजूला सरकला. मुद्दाम नाही, तोल गेला म्हणून. आणि धाकट्यानं ठोसा मारला तो हवेत. पुन्हा मारला, पुन्हा हवेत. बर्फवाला हातभर अंतरावर उभा, आणि हा त्याला भलतीकडे शोधतोय.

भोंग्यानं ते बघितलं. डोक्यात अर्थ उतरायच्या आत जीभ चालली, शाळेत चालायची तशीच.

"अरे, डावीकडे आंधळी कोशिंबीर चालली आहे का? शोध रे, शोध! डोळ्यावर पट्टी बांधल्यासारखा चाचपडतोय!"

लोक पोट धरून हसले. छान उपमा होती. नेमकी होती, आणि तिथेच सगळा घात झाला. बर्फवाल्यानं एका क्षणासाठी मान वळवून भोंग्याच्या टेबलाकडे बघितलं. मग धाकट्याकडे. मग त्यानं पाय बदलले, उजवा हात मागे घेतला, मुद्दाम त्या बाजूला गेला जिथे तो धाकट्याला दिसत नव्हता, आणि सगळं अंग त्या हातामागे टाकून मारला.

धाकट्यानं हात वर केलाच नाही. करणार कसा, ठोसा येताना दिसायला तर हवा. डोकं खांद्यावर आपटून परत आलं. तोवर दुसरा आला होता, त्याच जागी. कानाच्या वर. तिसरा जबड्याच्या सांध्यात, आणि आवाज असा आला की पुढच्या रांगेतल्या एकानं तोंडावर हात घेतला.

आता भोंग्याला कळलं. तो उभा राहिला, माइक तोंडाशी धरला आणि म्हणाला, "थांबवा. त्याला दिसत नाहीये."

वखारीनं टाळ्या वाजवल्या.

"त्याला दिसत नाहीये! खरंच दिसत नाहीये, थांबवा!"

मागच्या बाकांनी ते उचललं. दिसत नाहीये! दिसत नाहीये! पाय आपटत, तालात, शेकडो माणसं. पत्रा हादरायला लागला. त्या तालावर बर्फवाला मारत होता, ताल त्याच्या अंगात शिरला होता. प्रत्येक ठोशाला धाकट्याच्या तोंडातून लाळ आणि रक्त निघून दोरांवर पडत होतं. तो पडत नव्हता, हीच त्याची खोड. पडला असता तर सुटला असता. रेफ्रीनं भोंग्याकडे मान वळवली नाही. कित्येक वर्षांची सवय होती. उस्ताद कोपऱ्यातून ओरडत होते, हात वर घे, हात वर घे. रिंगमध्ये फेकला की लढत थांबते, तो टॉवेल त्यांच्या खांद्यावरच होता.

मग भोंग्यानं आवाज बदलला. काचेच्या खोलीतला, सपाट, सरकारी. त्याच्याकडे तेवढा एकच दुसरा आवाज होता.

"सूचना. लढत थांबवावी. निळ्या चड्डीतल्या खेळाडूला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. कृपया लढत थांबवावी."

क्षणभर शांतता झाली. मग सगळी वखार खदाखदा हसली. तो आवाज गावात कुणाला ओळखीचा नव्हता? भोंग्यानं आज नवी नक्कल काढली! मागून कुणीतरी ओरडलं, कुठल्या फलाटावर? आणि पुन्हा हशा. हसा, बाबांनो, हसा. तिकीट काढून आला होतात.

भोंग्यानं टेबलावरून उडी टाकली. दोरापाशी वखारीचा दरवान असायचा, कुणाला रिंगला हात लावू द्यायचा नाही. त्यानं भोंग्याला कमरेला धरलं, तोही हसत होता. भोंग्यानं हातातला माइक त्याच्या तोंडावर मारला. दात तुटल्याचं सगळ्या कर्ण्यांतून ऐकू गेलं. पुन्हा मारला, आणि तिसऱ्यांदा, कमरेवरचे त्याचे हात सुटेपर्यंत. लोक अजून टाळ्या पिटत होते. तो दोराखालून आत शिरला तेव्हा बर्फवाल्याचा शेवटचा ठोसा सुटला होता. धाकटा फिरला, आणि उजवी भुवई दोर ताणायच्या लोखंडी नळीवर आपटून खाली आला. भोंग्यानं डोकं मांडीवर घेतलं. धाकट्याचे दोन्ही डोळे उघडे होते, आणि तो हातांनी दोर शोधत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून सांगण्यात आलं की शस्त्रक्रिया केली, जीव वाचला, उजवा डोळा गेला. पुन्हा दिसणार नाही. एवढ्याच शब्दांत.

भोंगा आणि भावजय व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. तिच्या अंगावर कालचीच साडी होती.

"मी रेडिओ लावला होता," ती म्हणाली. "तुम्ही बोललात. दिसत नाहीये म्हणालात. मी ऐकलं, दादा." तिचा आवाज फुटला. "मला वाटलं, तुम्ही रंगात आलात. मी आवाज मोठा केला."

भोंग्यानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिचा दोष नाही असं म्हणता आलं असतं. तसं म्हणून तिच्या दुःखात स्वतःचा दोष बेमालूम लपवता आला असता. त्यानं तसं केलंही असतं, कोण जाणे. पण तेवढ्यात बर्फवाला आला. नाकावर पट्ट्या, भुवईला टाके, उजव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधलेली. पोरगा रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. त्यानं भावजयीची माफी मागितली, मग भोंग्यासमोर उभा राहिला.

"आमचे उस्ताद सांगतात, लोक ओरडतात ते ऐकू नको, भोंगाकाकांचं ऐक," तो अवघडून म्हणाला. "तुम्हाला आमच्याआधी दिसतं. तुम्ही डाव्या बाजूची पट्टी म्हणालात तेव्हा मला कळलं. मला वाटलं, डोळा नुसता सुजलाय. आजार आहे हे माहीत असतं तर नसतं मारलं, काका."

भोंग्यानं मान हलवली. पोरगा खोटं बोलत नव्हता. अख्ख्या वखारीत त्या एकट्यानंच भोंग्याचं बोलणं नीट ऐकलं होतं. बर्फवाला थोडा वेळ घुटमळला आणि गेला.

भावजय भोंग्याकडे बघत होती. तिला आठवायला वेळ लागला नाही. "डोळ्यावर पट्टी बांधल्यासारखा," ती सावकाश म्हणाली. मग उठली, पदर नीट केला आणि आत गेली. भोंगा मागोमाग गेला.

धाकटा उशाला टेकून पडला होता. कपाळापासून नाकापर्यंत पांढरी पट्टी, जबडा तारेनं बांधलेला. पावलं ऐकून त्यानं विचारलं, दादा का? मग दातांतून, तुटक तुटक म्हणाला, मला चौथा राउंड आठवतच नाही. तू सांग. तुझ्या पद्धतीनं सांग. पहिल्यापासून सांग, नाक फोडलं तिथून.

भोंगा कॉटच्या कडेला बसला. भावजय पलीकडे उभी होती. तिनं मान वर केली नाही, पण ती ऐकत होती. भोंग्याच्या तोंडात वीज आली, घण आला, काळ आला. किती सोपं होतं! त्यानं ते सगळं गिळलं.

"तुला डावीकडचं दिसत नव्हतं," तो म्हणाला. "मी ते माइकवर बोललो, लोकांना हसवायला. बर्फवाल्यानं ते ऐकलं. मग त्यानं त्या बाजूनं मारलं."

पांघरुणावरचा धाकट्याचा हात, जो पावलं ऐकल्यापासून भोंग्याच्या दिशेनं उघडा पडला होता, तो त्यानं आत घेतला.

"तरीच," तो म्हणाला. "मी विचार करत होतो, त्याला कळलं कसं."

मग त्यानं बायकोकडे पाणी मागितलं.